मूळ कागदांपर्यंत गेलेला अर्थशास्त्रज्ञ

पदव्युत्तर वर्गात शोधनिबंधाचे विषय ठरविण्याची वेळ आली, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आर्थिक विचार हा विषय दरवर्षी हमखास मागितला जातो. विषय उत्तम आहे. निबंधही वेळेवर पूर्ण होतो. परंतु त्याची संदर्भसूची पाहिली, तर तीत बाबासाहेबांवर इतरांनी लिहिलेली आठ-दहा पुस्तके असतात आणि खुद्द बाबासाहेबांचा एकही आर्थिक ग्रंथ नसतो. ज्या पुरुषाने आपल्या विद्यार्थिदशेची उमेदीची वर्षे मूळ अहवाल, मूळ अंदाजपत्रके आणि मूळ साक्षी वाचण्यात घालविली, त्याच्यावरचे संशोधन दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या मजकुरावर उभे राहावे, हा विपर्यास आता आपल्या डोळ्यांना खुपेनासा झाला आहे. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र एकदा या बाजूने, म्हणजे ग्रंथालयांच्या बाजूने, पाहावे असे वाटते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रसंगी लेकींकडून उसनवार करून मुलाला पुस्तके आणून दिली. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेल्या या विद्यार्थ्याकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले आणि पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्या राजाने १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, त्याच राजाने या विद्यार्थ्याला अमेरिकेस धाडले, ही गोष्ट मला तरी केवळ योगायोगाची वाटत नाही.

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले असे नोंदी सांगतात. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभार व वित्तव्यवस्थेवरील प्रबंधाबद्दल त्यांना एम.ए. मिळाली. मार्गदर्शक होते सार्वजनिक वित्ताचे नामवंत प्राध्यापक सेलिग्मन. हे सेलिग्मन स्वतः मोठे ग्रंथसंग्राहक; त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथांचा प्रचंड संग्रह १९२९ साली कोलंबिया विद्यापीठाने घेतला. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी ज्यांच्या नावे परिचयपत्र दिले, ते प्राध्यापक फॉक्सवेलही त्याच जातकुळीचे. त्यांच्या संग्रहातूनच लंडन विद्यापीठाचे गोल्डस्मिथ्स ग्रंथालय उभे राहिले आहे. जुन्या पुस्तकांचे वेड असलेल्या दोन गुरूंच्या सहवासात हा शिष्य आला आणि ते वेड त्याच्याही अंगी भिनले. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे २००० पुस्तके जमविली, असे चरित्रकार सांगतात.

या पुस्तकांचे पुढे काय झाले, ते वाचताना अर्थशास्त्राचा कोणताही अध्यापक हळहळल्यावाचून राहणार नाही. काही एका परिचिताच्या हवाली केली, त्यांतली थोडीच हाती आली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला, तेव्हा ते स्वतः एका बोटीने निघाले आणि सामान दुसऱ्या बोटीने. महायुद्ध चालू होते. सामानाची बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तकेही बुडाली. हाती आलेली नुकसानभरपाई बडोद्याच्या प्रवासास कामी आली. बडोद्यात काय वाट्याला आले ते सर्वश्रुत आहे: कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत आणि राहण्यास जागा मिळेना. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात कुणाच्याही शेजारी बसून वाचणाऱ्या पंडिताला कोरे टेबल आणि फेकलेले कागद मिळाले.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षीचा त्यांचा लहान शेतजमिनींवरील निबंध बीडसारख्या जिल्ह्याने तर पुनःपुन्हा वाचावा असा आहे. तुकडे पडलेल्या जमिनी एकत्र केल्या की शेती सुधारेल, हा त्या वेळचा रूढ उपाय. बडोदे संस्थानच्या समितीचा अहवाल आणि मुंबई इलाख्यातील किटिंग यांचा प्रस्ताव दोन्ही तपासून बाबासाहेबांनी दाखविले, की जमीन किफायतशीर आहे की नाही, हे केवळ तिच्या आकारावर ठरत नाही. तिच्या जोडीला औत, बैल, भांडवल आणि श्रम किती, यावर ते ठरते. जमिनीवर पोसली जाणारी रिकामी माणसे हे खरे दुखणे. तिला उतारा औद्योगिकीकरणाचा. हा निष्कर्ष त्यांनी देशोदेशीच्या आकड्यांशी ताडून काढला होता. शतक उलटून गेले तरी दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यासह पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. या स्थलांतरावर शोधनिबंध पुष्कळ होतात. त्यांत १९१८ च्या या निबंधाचा आधार मात्र क्वचित आढळतो.

सिडनहॅमच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. यानंतरची तीन वर्षे हा या चरित्राचा गाभा आहे. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे आणि गोल्डस्मिथ्सचे ग्रंथालय असा त्यांचा रोजचा फेरा. सकाळी दार उघडताच आत शिरावयाचे आणि बंद होताना बाहेर पडावयाचे. दुपारच्या जेवणाला पैसा नाही, आणि वेळही नाही. रात्री भूक लागली तर ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खावयाचे. ही हकिगत आपण भाषणांतून इतक्या वेळा ऐकतो, की उपाशीपोटी हा मनुष्य वाचीत काय होता, हे विचारावयाचे राहून जाते.

ते वाचीत होते रूक्ष सरकारी कागद. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीस बंद करणारी हर्शेल समिती, १८९८ ची फौलर समिती, १९१३ चे चेंबरलेन कमिशन आणि १९१९ ची बॅबिंग्टन स्मिथ समिती यांचे अहवाल, आणि अहवालांपेक्षाही महत्त्वाच्या त्यांच्यापुढील साक्षी. अहवालात समितीचे मत असते. त्या मताला कोणी विरोध केला आणि कोणत्या आधारावर, ते साक्षींत सापडते. संशोधनाची ही कळ ज्याला सापडली, त्याला मोठ्या नावाची भीती उरत नाही. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय परिमाणाची वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी कागदोपत्री दाखविले, की या पद्धतीत सरकारला रुपये पाडण्यास लगाम राहत नाही. बाहेरचा विनिमय दर सावरला तरी देशातील किंमती स्थिर राहत नाहीत, आणि महागाईचा मार गरिबावर पडतो. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध त्यांनी १९२२ च्या ऑक्टोबरात सादर केला. परीक्षकांनी तो फिरवून लिहावयास सांगितला. मुंबईस परतून त्यांनी तो फिरवून लिहिला. निष्कर्ष मात्र तेच ठेवले. १९२३ च्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्यास प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापक कॅनन यांनी आपला मतभेद प्रस्तावनेतच नमूद केला आहे. गुरूचा मतभेद पहिल्या पानांवर छापणारे प्रबंध आजकाल कोठे दिसतात?

प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली निघाला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीरावांना अर्पण केला आहे. १८३३ पासून १९२१ पर्यंत मध्यवर्ती सरकारने प्रांतांना पैसा कसा दिला, आधी ठोक नेमणुका, मग काही महसूल तोडून, मग महसुलात वाटा देऊन, हे सारे त्यांनी वर्षावर्षाचे हिशेब उलगडून मांडले. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती यानंतर, १९२७ साली. वित्त आयोगाच्या वाटपावर वाद घालणाऱ्यांनी हा ग्रंथ चाळला असता, तर निम्मे वाद मिटले असते, असे माझे मत आहे.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून स्थापन झाली, हे विधान अलीकडे व्यासपीठावर सर्रास केले जाते. १९२५ साली ते हिल्टन यंग कमिशनपुढे साक्षीस गेले होते. कमिशनने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ साली कायदा झाला आणि १९३५ च्या १ एप्रिलला बँक सुरू झाली. एवढे निर्विवाद आहे. या घटनांमधील कार्यकारणाचा दुवा किती पक्का, हे मात्र कमिशनच्या छापील साक्षी उघडूनच ठरवावयास हवे. त्या साक्षीत बाबासाहेबांचा भर चलनाचे परिमाण आणि विनिमय दर यांवर आहे. त्यांच्या ठायी आदर बाळगणाऱ्याने त्यांच्याविषयीचे विधान त्यांच्याच पद्धतीने पारखून घेतले, तर त्यात त्यांचा अधिक्षेप कसला?

१९२७ च्या महाडनंतर त्यांचे जीवन निराळ्या रणांगणावर गेले आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक मागे पडला. तरी मुंबई कायदे मंडळातील अंदाजपत्रकावरील भाषण असो की १९३७ चे खोती नष्ट करणारे विधेयक असो, कागद आधी आणि मत नंतर, ही शिस्त सुटली नाही. दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पुढे मिलिंद म्हणून ख्यात झालेले महाविद्यालय. लंडनच्या ग्रंथालयांची वाट ज्यांना कधीच परवडली नसती, त्यांच्या गावाजवळ ग्रंथालय आणण्याचा तो प्रयत्न होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज बीडच्या विद्यार्थ्याची अडचण आहे, हे खोटे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात क्रमिक पुस्तकांपलीकडे फारसे काही नसते, हा माझाही अनुभव आहे. तथापि महाराष्ट्र शासनाने १९८९ साली इंग्रजी लेखन-भाषणांचा सहावा खंड काढला. कंपनीचा राज्यकारभार, प्रांतिक वित्त आणि रुपया हे तिन्ही ग्रंथ त्या एकाच खंडात आहेत. महाविद्यालयाने तो घ्यावयाचा म्हटले, तर ठरावाची एक ओळ पुरे. पुण्याच्या गोखले संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने अहवाल आणि ग्रंथ मोठ्या संख्येने संगणकावर आणले आहेत, ते परळीत बसूनही वाचता येतात. जिल्ह्याचा १९६९ चा गॅझेटियर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका हाताशी आहेत.

खरी वाण आहे ती १९४८ पूर्वीच्या कागदांची. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानचे दप्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे आणि पुष्कळसे उर्दूत आहे. जमीन, सारा, सावकारी, दुष्काळ यांवर लिहू पाहणारे आमचे विद्यार्थी त्या दारापाशी थबकतात आणि १९४८ नंतरचे आकडे घेऊन परततात. बीड जिल्ह्यात उर्दू शाळा आहेत, शिक्षक आहेत. रोज तासभर बसले, तर लिपी ओळखीची व्हायला एक उन्हाळी सुट्टी पुरते.