सर्वांसाठी बाग बांधणारे वॉल्ट डिस्ने

मिकी माऊस माहीत नाही असे आपल्या वर्गात कोणीच नसेल. दप्तरावर, वहीच्या कव्हरवर, खोडरबरावर, जिकडे पाहावे तिकडे तो असतोच. पण त्या उंदराच्या मालकाची माहिती फार थोड्यांना आहे. त्यांचे नाव वॉल्ट डिस्ने. त्यांनी चित्रपट काढले आणि अमेरिकेत डिस्नेलँड नावाचे थीम पार्कही बांधले. थीम पार्क म्हणजे एखादी गोष्ट किंवा कल्पना धरून बांधलेली खेळांची मोठी बाग. सुट्टीत कुठली बाग पाहायला जायचे यावरून आजकाल घरोघरी भांडणे होतात. डिस्ने यांनी तर आधी बऱ्याच बागा पाहिल्या आणि मग स्वतःची बांधली. म्हणून मी त्यांचे चरित्र निवडले.

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. वडिलांचे नाव इलायस व आईचे नाव फ्लोरा. पाच भावंडांत वॉल्ट चौथे. वडील सुतारकाम करीत. १८९३ साली शिकागोत फार मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, तेव्हा त्यांनी तिथे सुतार म्हणून काम केले. त्याच प्रदर्शनात फेरीस नावाच्या इंजिनियरने लोखंडी आकाशपाळणा उभा केला होता. तो २६४ फूट उंच होता व त्याला ३६ डबे होते. एका डब्यात ६० माणसे मावत. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा तो थोरला भाऊच म्हणायचा!

१९०६ साली हे कुटुंब मार्सलीन नावाच्या लहान गावी शेती करायला गेले. तिथे सफरचंदाची झाडे होती, डुकरे होती, घोडे होते. गावातून आगगाडी जायची आणि वॉल्टचे काका आगगाडीचे ड्रायव्हर होते. त्यामुळे वॉल्टला गाडीचे वेड लागले ते जन्मभर टिकले. चित्रांचाही नाद तिथेच लागला. एकदा त्याने व धाकटी बहीण रूथ हिने डांबराच्या पिंपात काठ्या बुडवून घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रे काढली. डांबर काही निघेना. मग काय, वडील भयंकर रागावले!

पुढे वडील आजारी पडले आणि शेत विकावे लागले. शेत विकायचे दुःख काय असते ते आपल्या गावात कोणाला सांगायला नको. १९११ साली सगळे कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी वर्तमानपत्रे वाटायचे काम घेतले, पण वाटायला जात वॉल्ट आणि त्याचा मोठा भाऊ रॉय. वॉल्ट तेव्हा नऊ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान. रोज पहाटे साडेतीनला उठायचे. हिवाळ्यात बर्फातून चालायचे. या कामाचे पैसे वडील त्याला देत नसत. मग शाळेत त्याला डुलकी लागायची.

मला या चरित्रातला एक प्रसंग फार लक्षात राहिला. श्रीमंतांच्या घरापुढे रात्री मुलांची खेळणी तशीच पडलेली असत. वॉल्ट पहाटे पेपर टाकायला गेला की अंधारात थोडा वेळ त्या खेळण्यांशी खेळायचा, आणि जिथली वस्तू तिथे नीट ठेवून पुढे जायचा. त्यांच्या घराजवळ एक करमणुकीची बागही होती. पण तिकिटाला पैसे कुठले? वॉल्ट आणि रूथ कुंपणाबाहेर उभे राहून आतली मजा बघत. ती बाग म्हणजे आपल्याला जाता न येणारी परीची नगरी वाटायची, असे रूथने मोठेपणी सांगितले आहे.

मोठेपणी वॉल्ट यांनी चित्रकलेची नोकरी केली, नंतर स्वतःची कंपनी काढली. ती १९२३ मध्ये बुडाली. मग ते खिशात ४० डॉलर घेऊन हॉलिवूडला गेले. तिथे रॉय होता. दोघा भावांनी मिळून कंपनी सुरू केली. वॉल्टने कल्पना काढायच्या आणि रॉयने पैशाचा मेळ घालायचा असे त्यांचे चाले. १९२८ साली मिकी माऊस पडद्यावर आला. १९३७ साली हिमगौरी आणि सात बुटके यांच्या गोष्टीवरचा मोठा चित्रपट आला. त्यांना पुढे २२ ऑस्कर पारितोषिके मिळाली. चित्रपटांचे सगळे लिहायला गेले तर भिंत पुरणार नाही, म्हणून आता बागेकडे वळते.

डिस्ने यांना दोन मुली होत्या, डायान आणि शॅरन. शनिवारी ते मुलींना फिरायला नेत. लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कमध्ये लाकडी घोड्यांचे चक्र होते. मुली घोड्यावर बसून गोल गोल फिरत आणि वडील बाकड्यावर बसून शेंगदाणे खात. तिथे त्यांच्या मनात आले की मुलांना मजा येते, पण आईबापांनी नुसते बसायचे. दोघांनाही बरोबर मजा येईल अशी जागा का असू नये?

आपल्या जत्रेतही असेच असते बरं का. मी आणि माझा मोठा भाऊ पाळण्यात बसतो आणि आई खाली चपला सांभाळत उभी असते. पाळणा वर गेला की तिथून आई एवढीशी दिसते. ती कधी पाळण्यात बसली आहे असे मी पाहिले नाही.

मग डिस्ने बागा बघत हिंडू लागले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडचा कळकटपणा त्यांना मुळीच आवडला नाही. १९४८ मध्ये ते शिकागोत आगगाड्यांचे प्रदर्शन पाहून आले. १९५१ मध्ये डेन्मार्क देशातली टिव्होली नावाची बाग पाहिली. ती १८४३ सालची. तिथे झाडे, फुले, रंगीत दिवे, सगळे स्वच्छ, आणि लहानमोठे सगळे खुशीत. ती बाग त्यांच्या मनात भरली. त्यांनी तिथे टिपणे काढली. पुढे आपली माणसेही त्यांनी निरनिराळ्या बागा पाहायला पाठवली. रस्ते किती रुंद आहेत, गर्दी कुठून कुठे जाते, हे सर्व त्यांनी मोजून आणले.

जुन्या बागवाल्यांना बेत दाखवला तेव्हा काहींनी तो मोडीतच काढला. त्यांच्या मते एकच दरवाजा ठेवला तर गर्दी तुंबेल, आणि किल्ल्यातून पैसा मिळणार नाही. पण डिस्ने मागे हटले नाहीत. त्यांनी आपल्या विम्यावर कर्ज काढले. एका टेलिव्हिजन कंपनीनेही पैसे घातले. ॲनाहाइम या गावी संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली. १९५४ च्या जुलैत काम सुरू झाले आणि एका वर्षात बाग उभी राहिली. खर्च १ कोटी ७० लाख डॉलर आला.

१७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. त्या दिवशी फार फजिती झाली. खोटी तिकिटे घेऊन लोक घुसले. सुमारे २८ हजार माणसे आली. खाद्यपदार्थ संपले. ऊन इतके कडक होते की नवे डांबर मऊ झाले आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. लहानपणी डांबराने रागावून घेतले, मोठेपणीही डांबर आडवे आलेच! त्यातच नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप झाला होता. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास, एकच काहीतरी वेळेवर होणार होते. डिस्ने यांनी संडास निवडले. मला वाटते ते बरोबर केले. पण तहानलेले लोक चिडले. वर्तमानपत्रांनीही टीका केली. तरी दोन महिने व्हायच्या आत दहा लाख लोक येऊन गेले.

बागेची रचना ऐकण्यासारखी आहे. भोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे बाहेरचे रस्ते व तारा आतून दिसत नाहीत. बांधावरून आगगाडी फिरते. तिच्यात आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे बसतात. आत शिरले की जुन्या काळचा बाजाररस्ता, त्याच्या टोकाला ७७ फूट उंच किल्ला, आणि तिथून निरनिराळ्या भागांकडे रस्ते फुटतात. एक जंगलाचा, एक परीकथांचा, एक उद्याच्या जगाचा, असे भाग आहेत. डिस्ने गुडघे वाकवून मुलांच्या उंचीवरून बाग कशी दिसते ते पाहत. कधी ते स्वतः रांगेत उभे राहत.

सुरुवातीला मोठ्यांना १ डॉलर व मुलांना अर्धा डॉलर प्रवेश होता आणि प्रत्येक खेळाला वेगळे पैसे पडत. पुढे कुपनांची पुस्तके निघाली. १९५९ पासून ए, बी, सी, डी, ई अशी पाच प्रकारची कुपने होती. सर्वांत भारी खेळाला ई कुपन लागे आणि ती थोडीच मिळत. त्यामुळे मुलांना विचार करून खेळ निवडावा लागे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली.

नंतर डिस्ने यांनी फ्लोरिडा राज्यात सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. पण तिथली बाग त्यांनी पाहिली नाही. ते फार सिगारेट ओढत. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रॉय तेव्हा म्हातारे झाले होते व कामातून निवृत्त होणार होते. पण भावाचे काम अर्धे टाकवेना. त्यांनी ते पुरे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी बाग उघडली. नुसते डिस्ने वर्ल्ड न म्हणता तिला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणायचे, असा त्यांनी आग्रह धरला. त्याच वर्षी २० डिसेंबरला तेही वारले. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आज फ्लोरिडात त्यांच्या चार बागा आहेत. टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघायलाही आहेत. भारतात नाही. तरी त्यांच्या चरित्राचा मला उपयोग झाला. मामाने यंदा सुट्टीत एका थीम पार्कला न्यायचे कबूल केले आहे आणि दोन पार्कांतले एक आम्हाला निवडायला सांगितले आहे. दादाला पहिले हवे, कारण तिथला घसरगाडीचा खेळ फार जोराचा आहे. पण तिथल्या बऱ्याच खेळांत लहान मुलांना आणि आजीसारख्यांना बसू देत नाहीत. दुसऱ्या पार्कात खेळ कमी आहेत, पण आगगाडी आहे, होडी आहे, सावली आहे. मी दुसरे म्हटले. दादा दोन दिवस बोलला नाही. मग मी त्याला बाकड्याची गोष्ट वाचून दाखवली. त्याने अजून हो म्हटलेले नाही, पण आगगाडीला किती डबे असतात ते विचारले.

वॉल्ट डिस्ने यांच्यापासून आपण कष्ट, चिकाटी आणि भावंडांचे प्रेम शिकावे. सिगारेट मात्र शिकू नये. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना माझी नम्र विनंती आहे. यंदा जत्रेत चपला पाळण्याखाली एका ओळीत ठेवा आणि तुम्हीही आमच्याबरोबर बसा.

(इयत्ता ४ थी)