सेवाग्रामच्या मातीच्या भिंती घडविणाऱ्या मीराबेन

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम आश्रमात येणारा पाहुणा पादत्राणे बाहेर काढून बापू कुटीत शिरतो. गांधीजींची बैठक, त्यांच्या मोजक्या वस्तू पाहतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. भिंतींकडे त्याचे लक्ष जातेच असे नाही. वस्तुतः या कुटीत सर्वाधिक पाहण्यासारखे काही असेल तर त्या भिंतीच. त्यांवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आहेत, चरखा आहे. ही नक्षी ज्या हातांनी काढली ते हात एका इंग्रज नौसेनाधिकाऱ्याच्या कन्येचे होते. विशेष म्हणजे ही कुटी गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती. मॅडेलिन स्लेड ऊर्फ मीराबेन यांनी ती स्वतःच्या निवासासाठी उभारली होती.

मॅडेलिन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश नौदलात वरिष्ठ अधिकारी होते. ते बहुतेक काळ समुद्रावर असल्यामुळे मॅडेलिन यांचे बालपण आजोळच्या खेड्यातील घरी घोडे, गायी आणि झाडे यांच्या संगतीत गेले. पुढे वडील ईस्ट इंडीज आरमाराचे प्रमुख झाले तेव्हा कुटुंबासह त्या मुंबईतही राहून गेल्या. तथापि मेजवान्या आणि नृत्यसमारंभ यांपलीकडचा हिंदुस्थान त्यांना त्या वेळी दिसला नाही. त्यांचे मन गुंतले होते ते बीथोव्हेनच्या संगीतात. या संगीतापायी त्या पियानोवादक फ्रेडरिक लॅमंड यांच्या मैफली भरवू लागल्या आणि त्याच ओढीने फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या. रोलाँ यांनी त्यांना गांधीजींविषयी सांगितले. त्यांचे गांधीजींवरील पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ते वाचल्यावर मॅडेलिन यांचा निश्चय झाला. मात्र त्या लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी सुमारे वर्षभर स्वतःची तयारी केली. सूतकताई शिकल्या, मांसाहार व मद्य सोडले, जमिनीवर झोपण्याची सवय केली आणि उर्दूचे धडे घेतले. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमतीस दाखल झाल्या. मीरा हे नाव त्यांना गांधीजींनी दिले.

पुढील दहा वर्षे धावपळीची होती. खादीचा प्रसार, १९३१ च्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजींसमवेत लंडनचा प्रवास, त्यानंतरचा तुरुंगवास, अशा घटनांनी ती भरलेली आहेत. या काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने वर्धा जिल्ह्यातील त्यांचे काम मागे पडले आहे.

गांधीजी मगनवाडीत राहू लागल्यावर मीराबेन यांनी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात सफाईचे काम हाती घेतले. तेथून त्या सेगावला गेल्या. सेगाव हे जमनालाल बजाज यांची मालगुजारी असलेले एक लहान खेडे. धड रस्ता नाही, हिवतापाचा उपद्रव मोठा आणि वस्तीत दलित कुटुंबे बहुसंख्य. गांधीजींनी याच गावात राहण्याचे ठरवले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते तेथे पोहोचले. त्यांच्यासाठी घर उभारण्याची जबाबदारी मीराबेन यांच्यावर आली. घराचा खर्च शंभर रुपयांच्या आत असावा, सामान परिसरातले आणि मजूर गावचे असावेत, अशी अट होती. बलवंतसिंह, मुन्नालाल यांसारखे सहकारी मदतीला होते. वरून वर्ध्याचा मे महिना आणि समोर पावसाळा. जून सरण्यापूर्वी छप्पर चढणे भागच होते. हेच सेवाग्रामातील पहिले घर, आदि निवास. पाऊस सुरू झाल्यावर गांधीजी त्यात राहायला आले.

नेमक्या त्याच वर्षी, १९३६ साली, देशातील अनेक सिमेंट कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही मोठी कंपनी स्थापन झाली. शहरांत काँक्रीटचे युग सुरू झाले होते. मीराबेन यांच्यापुढे मात्र माती, बांबू, लाकूड, शिंदीची पाने आणि कवेलू एवढेच साहित्य होते. मातीचे घर म्हणजे कसेही चालेल असे घर, हा समज शहरी लोकांत तेव्हाही होता आणि आजही आहे. प्रत्यक्षात मातीची भिंत हे फार कडक परीक्षा घेणारे काम आहे.

वर्धा जिल्ह्याची जमीन मुख्यतः काळी. कपाशीला ती उत्तम, घराला मात्र वैरी. या मातीतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना तितकाच आक्रसतो. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. अशा मातीची भिंत घातली तर ती पहिल्याच वैशाखात फाटेल. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, त्यात हे ज्ञान मुरलेले आहे. घरासाठी पांढरी माती आणायची, ती कमी असेल तर काळीत मुरूम वा वाळू मिसळून तिचा चिकटपणा उतरवायचा. त्यात गव्हाचे कुटार आणि शेण घालायचे, पाण्यात भिजवून काही दिवस कुजू द्यायचे आणि पायांनी तुडवून गारा एकजीव करायचा. कुटाराचे तंतू आकुंचनाचा ताण वाटून घेतात. त्यामुळे एक मोठा तडा जाण्याऐवजी केसासारख्या बारीक रेषा उमटतात आणि त्या पुढच्या लिंपणात बुजून जातात. शेणातील तंतू आणि चिकट द्रव्य हेच काम पृष्ठभागावर करते.

पाण्याचे प्रमाण हा या सगळ्याचा मर्म आहे. गारा पातळ असला की हाताला सोपा जातो, भराभर भिंत चढते. पण जेवढे पाणी जास्त, तेवढे ते उडून गेल्यावर भिंत अधिक आक्रसणार. काँक्रीटचेही असेच आहे. अमेरिकेतील अभियंते डफ एब्रम्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोत हजारो नमुने तपासून दाखवले, की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. सिमेंटला घट्ट होण्यासाठी जेवढे पाणी लागते त्याहून जास्त घातलेले पाणी आत पोकळ्या ठेवून निघून जाते. या पोकळ्यांतून ओल आणि हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. भारतीय मानक आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार मध्यम परिस्थितीत सळईच्या काँक्रीटमध्ये हे प्रमाण ०.५० च्या वर जाऊ नये. म्हणजे पन्नास किलोच्या एका पोत्याला, ओल्या वाळूतले पाणी धरूनही, पंचवीस लिटरच पाणी. आपल्या परिसरातील किती बांधकामांवर हे मोजले जाते, हे मिक्सरजवळ पाच मिनिटे उभे राहिले तरी कळेल. माल ओतायला जड जातो म्हणून आणखी एक बादली रिकामी होते आणि पुढच्या वर्षी मालक भेगांबद्दल सिमेंटला दोष देतो.

वाळण्याच्या वेगाचेही तसेच. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. मातीचा थर एका दमात जाड चढवला तर बाहेरची बाजू आधी वाळते, आतली ओली राहते आणि कातडे तडकते. म्हणून कुडावर गारा थराथराने छाबतात आणि एक थर आवळला की दुसरा देतात. काँक्रीटमध्ये सिमेंट घट्ट होत असताना ते ओले ठेवावे लागते. पाणी मारण्याच्या या कामाला विदर्भातील गवंडी तराई म्हणतात. मानकात साध्या सिमेंटसाठी ती किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस सांगितली आहे. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी जास्त. घराच्या खर्चात ही सर्वांत स्वस्त बाब असूनही सर्वांत आधी काटछाट होते ती हिचीच.

मीराबेन यांनी हे शास्त्र पुस्तकातून घेतले नव्हते. गावातील माणसे कशी बांधतात ते पाहून, त्यांच्याबरोबर चिखलात उतरून त्या शिकल्या. त्यांचे स्वतःचे देणे होते ते नेटकेपणाचे. खिडक्या कोठे ठेवायच्या, फडताळ भिंतीतच कसे बसवायचे, ओटी किती खोल हवी, याचा विचार त्यांच्या कामात दिसतो. सेवाग्रामातील छपरे भिंतींच्या बरीच पुढे आलेली आहेत. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडते आणि जोत्याजवळ ओल साचत नाही. मातीच्या भिंतीला भेगेपेक्षाही हे पाणी अधिक घातक असते. माती कितीही उत्तम कालवली तरी छप्पर अपुरे असेल तर ती टिकत नाही.

याच सुमारास मीराबेन यांच्या वाट्याला एक कठीण प्रसंग आला. सेगाव त्यांनी निवडले होते, तेथे आधी त्या राहत होत्या. गांधीजी तेथे येणार म्हटल्यावर मात्र त्यांनी शेजारच्या दुसऱ्या लहान गावात राहावे असे ठरले. ज्या माणसासाठी देश सोडला त्याच्या सहवासाची ओढ त्यांना अनावर होती. गांधीजींना या ओढीत आसक्ती दिसे आणि ते त्यांना वारंवार कामानिमित्त दूर ठेवत. मीराबेन यांनी आज्ञा पाळली, पण ते त्यांना सोपे गेले नाही. पुढे टायफॉइडच्या मोठ्या दुखण्यानंतर त्या सेगावला परतल्या आणि तेथे त्यांनी आपली कुटी बांधली. कताई-पिंजणीचे वर्ग चालवावेत, एकांतात राहावे, हा हेतू होता. ताडाची झाडे आणि चरखा त्यांनी भिंतीवर काढला तो याच घरात.

इकडे आदि निवासात गर्दी वाढत चालली होती. एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कार्यकर्ते, पाहुणे आणि आजारी माणसे. गांधीजींचा रक्तदाब वाढू लागला तेव्हा शांत जागेची गरज भासली आणि ते मीराबेन यांच्या कुटीत आले. थोड्या फेरफारानंतर तीच बापू कुटी झाली. मीराबेन पुन्हा दुसरीकडे गेल्या. आपले आवडते घर बापूंना उपयोगी पडले याचा आनंद त्यांना होता, यात शंका नाही. तथापि स्वतःसाठी बांधलेले घर आपल्याला लाभले नाही, हेही तितकेच खरे. १९४० मध्ये सेगावचे नाव सेवाग्राम झाले. तोवर देशातील मोठे नेते आणि परदेशी पाहुणे याच मातीच्या खोलीत जमिनीवर बसून चर्चा करू लागले होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींबरोबर मीराबेन यांनाही अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन त्यांनी तेथे जवळून पाहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाली. त्यानंतर त्या वर्ध्यात रमल्या नाहीत. रुरकी आणि हरिद्वार यांच्या दरम्यान त्यांनी किसान आश्रम उभारला, त्यानंतर हृषीकेशजवळ पशुलोक. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्या तिकडेच होत्या. पुढे टिहरीकडील भिलंगणा खोऱ्यात गोपाल आश्रम आणि मग काश्मीर. प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवी गोशाळा आणि काही वर्षांनी पुन्हा प्रस्थान. सरकारी कारभाराशी त्यांचे जमत नसे आणि सहकारी टिकवण्याची हातोटी त्यांच्यात कमी होती, हे मान्य करावे लागेल.

हिमालयातील त्यांचे निरीक्षण मात्र अचूक ठरले. डोंगरउतारांवर बांज म्हणजे ओक वृक्षांच्या जागी चीड पाइन पसरत आहे, त्यामुळे जमिनीत पाणी मुरेनासे झाले आहे आणि माती वाहून जात आहे, असा इशारा त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच लेखी दिला होता. बांजाचा पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, चीडच्या सुया ते वाहू देतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच भागात चिपको आंदोलन उभे राहिले, ते १९७० च्या दशकात.

१९५९ मध्ये मीराबेन यांनी भारत सोडला. १९६० मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या वनप्रदेशात स्थायिक झाल्या. बीथोव्हेनने आयुष्याची बरीच वर्षे काढली तो हा परिसर. तारुण्यात अर्धवट राहिलेला बीथोव्हेनचा अभ्यास त्यांनी उतारवयात पुन्हा सुरू केला. एका खेड्यातील साध्या घरात त्या राहत. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. गांधीजींवरील चित्रपटासाठी रिचर्ड ॲटनबरो यांनी त्यांची भेट घेतली होती. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मीराबेन यांचे ऑस्ट्रियात निधन झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, तो चित्रपट दिल्लीत प्रथम दाखविला गेला. त्यात मीराबेन यांची भूमिका जेराल्डिन जेम्स यांनी केली आहे.