आत्री ते कुंकळ्ळी : धन्यवादित रुडॉल्फ अक्वाविवा



इटलीत एड्रियाटिक समुद्राजवळच्या टेकडीवर आत्री नावाचे जुने गाव आहे. ८ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या पहाटे, तेथील लोक बोरूच्या उंच मोळ्या पेटवून गल्लीबोळांतून मिरवतात आणि मग मिस्साला जातात. ख्रिस्तसभेने शेतकऱ्यांचा तो जुना अग्नी विझवला नाही. त्याला आपल्या सणात जागा दिली.

याच आत्रीच्या ड्यूक घराण्यात १५५० साली रुडॉल्फ अक्वाविवा यांचा जन्म झाला. १५६८ साली घरचे वैभव सोडून ते येशूसंघात दाखल झाले आणि १५७८ साली गोव्यात उतरले. त्याच सुमारास सम्राट अकबराने गोव्याहून धर्मगुरू मागवले. १५८० च्या फेब्रुवारीत फादर रुडॉल्फ दोन सोबत्यांसह फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. तिथे ते फारसी शिकले, साधेपणाने राहिले आणि मौलवी-पंडितांसमोर आपली श्रद्धा मांडत राहिले. अकबर ख्रिस्ती झाला नाही, पण त्यांचा आदर मात्र शेवटपर्यंत करीत राहिला. निरोपाच्या वेळी त्यांनी सोने नाकारले आणि एका गुलाम कुटुंबाची सुटका मागून घेतली.

१५८३ साली ते गोव्यात परतले व साष्टीच्या मिशनचे प्रमुख झाले. साष्टीतील कुंकळ्ळी गाव तेव्हा धुमसत होते. पोर्तुगीज सैन्याने तेथील देवळे पाडली होती आणि दुःखाची गोष्ट अशी, की त्या कारवाईत फादर पेद्रो बेर्नो हे येशूसंघीयही सामील होते. जुलैमध्ये फादर रुडॉल्फ चर्चसाठी जागा पाहायला तिथे गेले, तेव्हा संतप्त जमावाने त्यांना घेरले. सोबतच्या एका पोर्तुगीजाने बंदूक उचलली. फादर पाशेको यांनी त्याला थांबवले. पाचही येशूसंघीय मारले गेले आणि त्यांच्याबरोबर अनेक स्थानिक ख्रिस्तीही. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते मिळवून त्यांचे दफन करण्यात पुढाकार होता फादर स्टीफन्स यांचा, ज्यांनी पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले.

१८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी त्या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्याबरोबर मेलेल्या स्थानिक ख्रिस्ती लोकांना तो मान मिळाला नाही.

भाविकहो, फादर रुडॉल्फ यांचे धैर्य निःसंशय थोर होते. पण सिक्रीत ते पाहुणे म्हणून गेले होते आणि संवादाला तीन वर्षे मिळाली. कुंकळ्ळीत त्यांच्याआधी तलवार पोहोचली होती. संवादाला एक दिवसही मिळाला नाही. सत्य तेच होते, सांगणारा माणूसही तोच होता. मात्र सत्य कोणाच्या सोबतीने दारात येते, यावर ऐकणाऱ्याचे कान उघडतात किंवा बंद होतात.

आज कुंकळ्ळीत रक्तसाक्ष्यांचे चॅपेल आहे आणि त्या पुढाऱ्यांचे स्मारकही आहे. देवळे पाडली गेली तेव्हा गावची शांतादुर्गा फातर्प्याला नेण्यात आली. शिमग्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या गुलाल उधळत कुंकळ्ळी आणि फातर्प्यादरम्यान मिरवणुकीने निघतात आणि त्या मिरवणुकीत हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरीही चालतात. चारशे वर्षांपूर्वीची जखम त्या गावाने अशी भरत आणली आहे.

आपल्या नागपुरातही आपले शेजारी नाना धर्मांचे आहेत. येत्या २५ जुलैला प्रार्थना करताना त्या पाच जणांबरोबर चॅपेलबाहेरच्या मृतांचीही आठवण ठेवूया.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू