पायरीशी विसावलेले हैबतबाबा

आपल्या दिंडीची शंभरी भरली. दिंडीचा विषय निघाला की पहिले नाव ओठी येते ते हैबतबाबा आरफळकरांचे. माउलींच्या रथापुढे-मागे आज आपण ज्या शिस्तीने चालतो, ती घडी बाबांनी बसवली. पण त्यांचे चरित्र टाळ-वीण्यापासून सुरू होत नाही, तलवारीपासून होते.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, आडनाव पवार. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. मान, पैसा, हुकमाची माणसे, कशाला कमी नव्हती. ती कमाई घेऊन गावाकडे निघाले, तर सातपुड्याच्या रानात दरोडेखोरांनी गाठले. सगळे लुटून घेतले आणि सोबत्यांसह त्यांना गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली. संप्रदायात ही हकिकत अशीच सांगत आले आहेत. आता आत काय होते? तलवार गेलेली, पैसा गेलेला, हाक मारली तरी येणारे कोणी नाही. राहिला होता तो पाठ असलेला हरिपाठ. बाबांनी तोच धरला. 21 दिवस नाम चालले. एकविसाव्या दिवशी म्होरक्याच्या घरी मुलगा जन्मला. त्या आनंदात त्याने शिळा काढवली, तर बाबा आत नामातच! म्होरक्याने पाय धरले आणि लुटलेला ऐवज परत दिला.

आपण असतो तर घर गाठले असते. नवस फेडला असता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपला धंदा. बाबांनी तसे केले नाही. ज्याच्या नावाने वाचलो त्याचाच हा देह, असे धरून ते आळंदीला आले आणि माउलींच्या चरणी राहिले. सरदारकी परत मागितली नाही. सुखाची जागा त्यांना सापडली होती.

त्याआधी तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली देहूहून पालखी सुरू केली होती. तीत ज्ञानोबा-तुकोबा दोघांच्याही पादुका एकत्र जात. पुढे सुमारे 1832 पासून बाबांनी माउलींचा सोहळा आळंदीहून स्वतंत्र सुरू केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, वासकरांनी दिंड्या जमवायला साथ दिली. फौजेतले जे जे बाबांना ठाऊक होते, ते सगळे त्यांनी देवाच्या कामी लावले. पहाटे तळ हलताना तीनदा कर्णा होतो, ती रीत छावणीचीच की! रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. कोणी पुढे घुसायचे नाही.

समाजआरतीला तर बघाच. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवत राहायचे, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. भांडण मांडायचे तेही टाळावरच. आपल्या दिंडीतल्या जुन्या मंडळींनी अशी वेळ कितीदा तरी पाहिली आहे, आणि निम्मा राग टाळ वाजवण्यातच उतरतो हेही त्यांना ठाऊक आहे.

एवढा सोहळा उभा करणाऱ्याने शेवटी स्वतःसाठी काय मागितले? गाभाऱ्याजवळची जागा नाही. माउलींच्या महाद्वाराची पायरी मागितली, वारकऱ्यांच्या पायधुळीची. नामदेवरायांनी पंढरीला मागितली होती तशीच. ज्याच्या शब्दावर माणसे उठत-बसत, तो पायरीखाली निजला.

आजही कार्तिक वद्यात माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो तो या पायरीच्या पूजनाने. आधी हैबतबाबा, मग पुढचे सगळे. यंदा आळंदीला दर्शनबारीत घाई असली तरी महाद्वारात क्षणभर थांबा, वाका, आणि मग आत जा.