पंढरीचे दार
साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. देवाला सारी लेकरे सारखीच, अशी त्यांची श्रद्धा होती. पंढरपुरात चोखोबांचे अभंग भक्तिभावाने गायिले जात. परंतु चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. हा अन्याय गुरुजींना साहवेना. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकमत जागे केले. गावोगावी विहिरी व देवळे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुली झाली. पंढरीचे दार मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध तीव्र होता. देह क्षीण झाला, पण निश्चय ढळला नाही. अखेर १० दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले. ११ जून १९५० रोजी गुरुजी निवर्तले. त्यांनी उघडविलेले दार मात्र पुन्हा मिटले नाही.