चष्मेवाल्याची दौलत

जुन्या मनगटी घड्याळांच्या नादी लागलेले आम्ही डोंबिवलीचे चारपाच जण. त्यातही क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता बाजूच्या बटणांनी सेकंद वेगळे मोजून देणारं चावीचं घड्याळ, दिसलं की आमचा संयम सुटतो. ठाण्या-कल्याणच्या घड्याळजींकडे कित्येक रविवार गेले. आमच्यातला एक जण अचानक गेला, आणि त्याने तीस वर्षांत जमवलेली घड्याळं तीन महिन्यांत तीन दिशांना गेली. घरच्यांचं काय चुकलं? कुठलं कोणतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मला पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर वारंवार आठवतात.

केळकरांचा जन्म १८९६ चा, मावळात कामशेतजवळच्या करंजगावचा. पुण्यात घरचं चष्म्यांचं दुकान. दुकानावर बसलेला हा माणूस ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचा. इतिहासाची ओढ होती, ती शब्दांवर भागेना. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या सरदार घराण्यांचे वाडे पालथे घालायला सुरुवात केली. वाड्यांना उतरती कळा लागलेली. माळ्यावरचं तांब्यापितळेचं सामान मोडीत जाण्याच्या बेतात. पण तलवारींवर नजर ठेवणारे संग्राहक कमी नव्हते. केळकरांनी उचलले अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या! बायकामाणसांच्या रोजच्या हाताळणीतल्या या वस्तूंना तेव्हा कोण विचारत होतं? माझ्या मते त्यांची खरी दृष्टी इथे दिसते. महागडी वस्तू कुणीही ओळखतो, आम्ही घड्याळवालेसुद्धा.

पुढे गावोगाव हिंडणं आलं, महाराष्ट्राबाहेरही. पत्नी कमलाबाई या वेडात बरोबरीने सामील होत्या. दुकानदाराच्या मिळकतीत हे कसं बसवलं असेल, संसार करणाऱ्यांनीच ताडावं. कोथरूडला मोडकळीला आलेला मस्तानी महालही त्यांनी उचलून आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला.

त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षीच गेला. संग्रहाला केळकरांनी त्याचं नाव दिलं. शुक्रवार पेठेतल्या त्या वास्तूच्या पाटीवर आधी राजा आहे, मग दिनकर केळकर.

आणि १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तू! एक जुनं घड्याळ मित्राला आठवडाभर द्यायचं म्हटलं तरी माझा हात मागे येतो. इथे पन्नासहून अधिक वर्षांची जमवाजमव होती. पण हातपाय चालत असताना, प्रत्येक वस्तूची कुळकथा सांगता येत असताना त्यांनी हे केलं. त्यानंतर पंधरा वर्षं ते होते. १९९० मध्ये गेले.

पुण्याला गेलात तर सवडीने जा. जागा अपुरी असल्यामुळे संग्रहातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. पण अडकित्त्यांपाशी थांबाच.