अंधारातला बाण : ऑयगेन हेरिगेल

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पक्षीही दिसत नाही, दिसतो तो केवळ पक्ष्याचा डोळा, असे सांगणारा अर्जुन त्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. तेव्हापासून एकाग्रता म्हटली की आपल्याला तो डोळा आठवतो. पण जपानमधील सेंदाई नावाच्या शहरात एका गुरूने आपल्या शिष्याला याच्या नेमके उलट शिकवले. लक्ष्याचा विचार करू नको, नेम धरू नको, एवढेच काय, बाणही तू सोडू नको, तो आपोआप सुटला पाहिजे, असे त्या गुरूचे सांगणे होते. हे ऐकणारा शिष्य कोणी पोरसवदा विद्यार्थी नव्हता. चाळिशी ओलांडलेला, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारा तो एक जर्मन प्राध्यापक होता. त्याचे नाव ऑयगेन हेरिगेल.

हेरिगेल यांचा जन्म २० मार्च १८८४ रोजी जर्मनीच्या बाडेन प्रांतातील लिश्टेनाऊ या लहानशा गावी झाला. हायडेलबर्ग विद्यापीठात त्यांनी आधी ईश्वरशास्त्र व नंतर तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. त्या काळी तेथे कांटच्या विचारांची नव्याने मांडणी करणाऱ्या पंडितांचा दबदबा होता. त्यांपैकी एमिल लास्क हे हेरिगेल यांचे गुरू. लास्क पहिल्या महायुद्धात १९१५ साली मारले गेले. त्यांचे विखुरलेले लेखन एकत्र करून प्रसिद्ध करण्याचे काम पुढे शिष्यानेच केले. तर्कशुद्ध विचारांच्या या वातावरणात राहूनही हेरिगेल यांना ओढ होती ती गूढवादाची. माइस्टर एक्हार्ट या मध्ययुगीन जर्मन संताचे लेखन त्यांना विशेष प्रिय होते. परंतु पुस्तके वाचून दाराशी पोहोचता येते, आत जाता येत नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. हायडेलबर्गला शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांकडून त्यांना झेन पंथाची माहिती मिळाली. १९२४ मध्ये सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातून अध्यापनासाठी बोलावणे आले, तेव्हा त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

झेन हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृत ध्यान शब्दाचे चीनमध्ये चान झाले आणि जपानमध्ये झेन झाले. चीनमधील मुक्कामात या विचारावर ताओ मताचा दाट संस्कार झाला. पाणी जसे धडपड न करता आपली वाट काढते तसे कर्म करावे, कर्तेपणाचा ताण त्यात नसावा, ही ताओवाद्यांची शिकवण. चीनमधील ताई ची सारख्या अंतर्मुख युद्धकला याच शिकवणीचा आधार सांगतात, आणि जपानी धनुर्विद्येतही तिचे पडसाद उमटले.

परदेशी माणसाला झेनमध्ये थेट प्रवेश मिळणे कठीण, त्याने आधी एखादी कला शिकावी, असा सल्ला हेरिगेल यांना मिळाला. त्यांच्या पत्नी आउगुस्ट यांनी पुष्परचना आणि शाईची चित्रकला निवडली. हेरिगेल यांना बंदुकीच्या नेमबाजीचा सराव होता, तो येथे उपयोगी पडेल असे वाटून त्यांनी धनुर्विद्या घेतली. हा अंदाज किती चुकीचा होता हे त्यांना लवकरच कळले.

त्यांचे गुरू आवा केन्झो (१८८०–१९३९) हे सेंदाईतील नामांकित धनुर्धर. नुसते लक्ष्य भेदणे ही त्यांना हातचलाखी वाटे. माणसाने बाणाने स्वतःलाच भेदले पाहिजे, असे त्यांचे मत होते. काही समकालीन धनुर्धर त्यांना विक्षिप्त समजत. परदेशी शिष्य घ्यायला ते प्रथम तयार नव्हते. त्यांचे जुने शिष्य आणि तोहोकू विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक कोमाचिया सोझो यांनी मध्यस्थी केली, तेव्हा १९२६ च्या वसंतात शिकवणी सुरू झाली. हेरिगेल यांचे जपानी भाषेचे ज्ञान तुटपुंजे होते. त्यामुळे दुभाषाचे कामही कोमाचियांकडेच आले.

जपानी धनुष्य बांबूचे आणि माणसाहून उंच, दोन मीटरपेक्षा जास्त लांबीचे असते. ते डोक्याच्या वर उचलून मग दोन्ही हात खाली आणत ताणायचे असते. उजव्या हातात चामड्याचा जाड मोजा असतो, त्याच्या अंगठ्याच्या खोबणीत दोरी अडकवतात आणि वरून बोटांनी अंगठा दाबून धरतात. हेरिगेल यांचे हात थरथरत, खांदे ताठ होत, श्वास फुलून जाई. गुरूने आपल्या दंडाचे स्नायू चाचपायला लावले. ते पूर्ण ढिले होते. दोष ताकदीचा नसून श्वासाचा आहे हे शिष्याला तेव्हा उमगले. श्वास सुधारल्यावर दुसरा घाट पुढे उभा राहिला. बोटे उघडताना हाताला हमखास झटका बसे. बांबूच्या पानावर साचलेला बर्फ पान न हलता जसा घसरून पडतो तसा बाण सुटावा, हा गुरूचा दृष्टांत. आणि हे सर्व दोन मीटरवर ठेवलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर! खरे लक्ष्य अजून दिसलेही नव्हते.

अखेर शिष्याचा धीर सुटला. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकिनारी एकट्याने सराव करताना त्यांना एक युक्ती सापडली. अंगठ्यावरचा बोटांचा दाब हळूहळू कमी करत नेला की ठरावीक क्षणी दोरी आपोआप निसटल्यासारखी दिसे. विषय न समजता गाईडमधले उत्तर पाठ करून गुण मिळवण्याचाच हा प्रकार! सुटीनंतर त्यांनी मोठ्या विश्वासाने गुरूसमोर बाण मारला. गुरूने पुन्हा एकदा मारायला सांगितले. मग काही न बोलता त्यांच्या हातातून धनुष्य काढून घेतले आणि पाठ फिरवून बसले. शिकवणी संपली होती. कोमाचियांनी रदबदली केली, असे पुन्हा करणार नाही असे वचन दिले गेले, तेव्हा कुठे शिष्याला परत प्रवेश मिळाला.

त्यानंतर पुष्कळ काळाने एके दिवशी हेरिगेल यांच्या हातून एक बाण सुटला आणि गुरूने खाली वाकून नमस्कार केला. हेरिगेल यांच्या सांगण्याप्रमाणे, हा बाण तू नाही मारलास, ते मारले गेले, अशा आशयाचे गुरू बोलले. ते म्हणजे काय, यावर पुढे जगभर चर्चा झाली.

दुसरा प्रसंग तर अधिकच प्रसिद्ध आहे. आता लक्ष्य सुमारे २८ मीटरवर होते. नेम न धरता लक्ष्य कसे भेदले जाईल, अशी शंका शिष्याने बोलून दाखवली. गुरूने त्यांना रात्री बोलावले. अंधारात लक्ष्यासमोर एक बारीक उदबत्ती जळत होती, बाकी काही दिसत नव्हते. गुरूने दोन बाण सोडले. पहिला लक्ष्याच्या मध्यभागी रुतला होता आणि दुसऱ्याने पहिल्याचे मागचे टोक चिरले होते. त्या रात्रीनंतर शिष्याने शंका काढली नाही.

१९२९ मध्ये हेरिगेल मायदेशी परतले. निघताना गुरूने आपले उत्तम धनुष्य त्यांना भेट दिले. जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये बर्लिनला त्यांनी या विद्येवर व्याख्यान दिले. त्याचाच विस्तार करून १९४८ मध्ये त्यांचे झेन आणि धनुर्विद्येवरचे छोटेसे पुस्तक निघाले. १९५३ मध्ये ते इंग्रजीत आले, त्याला सुझुकी या ख्यातनाम झेन पंडिताची प्रस्तावना होती. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्या थोर छायाचित्रकाराने त्यापासून प्रेरणा घेतली. १८ एप्रिल १९५५ रोजी हेरिगेल यांचे कर्करोगाने निधन झाले.

चरित्र येथेच संपवले तर ते फार सुंदर दिसेल. पण ते अपुरे होईल.

१९३७ मध्ये हेरिगेल नाझी पक्षाचे सभासद झाले. त्या राजवटीत ते चढत गेले आणि १९४४ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाचे प्रमुख झाले. युद्धानंतर चौकशी झाली. तिने त्यांना मुख्य अपराधी न ठरवता नाझींच्या मागे चालत गेलेल्यांत गणले. पद गेले, घर गेले, आणि अखेरची वर्षे त्यांनी आल्प्सच्या पायथ्याशी काढली. पुस्तकाच्या वाचकांना यातले काही ठाऊक नव्हते. १९६१ मध्ये गेर्शोम शोलेम या ज्यू पंडिताने ते उघड केले.

पुढे यामादा शोजी या जपानी संशोधकाने पुस्तकातील हकिकतीही तपासल्या. आवा यांनी झेनची रीतसर साधना केलेलीच नव्हती. गुरूच्या बोलण्यात विसंगती आली की दुभाषे कोमाचिया कधी गप्प बसत, कधी आपल्या शब्दांत सावरून घेत, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. उदबत्तीच्या त्या रात्री तर दुभाषी हजरच नव्हता. दुसऱ्या बाणाने पहिला चिरला तो निव्वळ योगायोग होता, असे आवा यांनी नंतर आपल्या माणसांना सांगितले होते. आणि गूढ वाटणारे ते हे वाक्य? कदाचित गुरू एवढेच म्हणाले असावेत, की हं, आता जमले.

हे वाचून प्रथम मी खट्टू झालो. नंतर वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात इंग्रजीतून आलेली कितीतरी वाक्ये मी अशीच अर्धवट ऐकली, उरलेल्या जागी आपल्याला हवा तो अर्थ भरला आणि फार खोल काही समजले असे मानून घरी गेलो. परक्या भाषेत शिकणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग येतो. तेव्हा पुन्हा विचारायला लाज वाटू नये, एवढे तरी मी हेरिगेल यांच्यापासून शिकलो.

दुसरा प्रश्न मात्र सुटत नाही. ज्याने मी सोडायला एवढी वर्षे घालवली, तो माणूस त्या राजवटीच्या दारात कसा गेला? मला वाटते, मी सोडणे म्हणजे विवेक सोडणे नव्हे. हाताला आलेली विद्या मनाला आली असे होत नाही. समुद्रकिनाऱ्यावरची लबाडी गुरूने एका बाणात ओळखली आणि धनुष्य काढून घेतले. एर्लांगेनमध्ये असे पाठ फिरवून बसणारे कोणी नव्हते. तेथे त्यांचे गुरू त्यांनाच व्हायचे होते, आणि तोच बाण चुकला.